पावलाची ऊब व पावलावरील भार
मधुमेह असलेल्या घरासाठीं एक धडा

सायंकाळीं शेतांतून परत आलेला मनुष्य ओसरीवर वहाणा काढतो व आंत जातो. मागून येणाऱ्या सुनेस सारवलेल्या भुईवर रक्ताचे ठसे दिसतात. "मामंजी, तुमच्या पायाला काय झालें?" असें ती विचारते. तो पाऊल उलटें करून पाहतो, तों बाभळीचा कांटा वहाणेच्या तळांतून आरपार चवड्यांत शिरलेला! सकाळपासून तो त्यावर चालत होता, आणि त्यास कांहींच कळलें नव्हतें. "दुखत तर नाहीं," असें म्हणून तो हळद दाबतो, व दुसऱ्या दिवशीं पुनः कामास जातो.

ज्या घरीं पुष्कळ वर्षांचा मधुमेह आहे त्या घरीं ही गोष्ट नवी नाहीं. वाचकांपैकीं कित्येकांनीं ती आपल्या आळींत पाहिली असेल, आणि पुढें काय झालें हेंहि पाहिलें असेल: प्रथम एक बोट गेलें, मग पाऊल, आणि मग गुडघ्याखालचा पाय. त्या मनुष्याचा जो शब्द, "दुखत तर नाहीं," तोच या धड्याचा विषय आहे. दुखत नाहीं हें समाधानाचें कारण नव्हे, तर भयाचें कारण आहे.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून भारतांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे असें दिसून आलें. तज्ज्ञांचा अंदाज असा कीं, शंभर मधुमेही माणसांपैकीं १९ ते ३४ जणांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां पावलाला व्रण होतो. आणि बरा झालेला व्रण शंभरांतील सुमारें ४० जणांस एका वर्षाच्या आंत पुनः होतो. ज्यांचा पाय कापावा लागतो त्यांपैकीं बहुतेकांचा आरंभ अशाच एका लहान व्रणापासून झालेला असतो. तरी हा व्रण बहुधा एकाएकीं येत नाहीं. तो येण्यापूर्वीं पाऊल आपल्या भाषेंत सूचना देतें, आणि ती भाषा उष्णतेची आहे. ती ओळखावयास कसें शिकावें तें आपण पाहूं.

१. पहारेकरी निजला

वेदना कोणासहि आवडत नाहीं. तथापि ती शरीराची पहारेकरीण आहे. जोड्यांत खडा शिरला कीं आपण दोन पावलें टाकतों न टाकतों तोंच थांबून जोडा झटकतों. पावलाच्या एका बाजूवर भार फार पडूं लागला कीं आपण नकळत लंगडतों, आणि त्या बाजूस विसावा मिळतो. निजेंतसुद्धां आपण कूस बदलतों. हें सर्व वेदनेच्या सांगण्यावरून घडतें.

रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे ज्ञानतंतु नासूं लागतात, आणि जे सर्वांत लांब, म्हणजे पायांच्या बोटांपर्यंत जाणारे, ते प्रथम बिघडतात. आरंभीं मुंग्या येतात, रात्रीं तळपाय जळजळतात, कापसावर चालल्यासारखें वाटतें. पुढें कांहींच वाटेनासें होतें. जळजळ थांबली म्हणून मनुष्यास आनंद होतो, पण कित्येकदां पहारेकरी निजला म्हणूनच ती थांबलेली असते.

तंतूंचा हा नाश तीन प्रकारें पावलास भोंवतो. स्पर्श कळविणारे तंतु गेले म्हणजे पाऊल बधिर होतें. स्नायूंस हालविणारे तंतु गेले म्हणजे बोटें पक्ष्याच्या नख्यांसारखीं वांकतात आणि चवड्याखालचीं हाडें खालीं टोंचूं लागतात. घाम आणणारे तंतु गेले म्हणजे कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात, व त्या भेगांतून रोगजंतु आंत शिरतात. शिवाय रक्तवाहिन्यांवरील ताबा सुटल्यामुळें असें पाऊल पुष्कळदां ऊन व भरलेलें दिसतें. तें पाहून घरचीं माणसें म्हणतात, पाय चांगला उबदार आहे, त्याला काय होणार? ही समजूत चुकीची आहे.

२. भार तीन रीतींनीं इजा करितो

पहिली रीत, लहानशा जागेवर एकदम मोठा भार. खिळा, कांटा, कांचेचा तुकडा यांची इजा ह्या प्रकारची. ती डोळ्यांस लागलीच दिसते.

दुसरी रीत, थोडा भार परंतु पुष्कळ वेळ. घट्ट जोडा, रुतलेला पट्टा, किंवा तासन् तास मांडी घालून बसल्यानें घोट्याच्या बाहेरील हाडावर पडणारा दाब, हीं याचीं उदाहरणें. दाबलेल्या जागीं रक्त पोंचत नाहीं, व कांहीं तासांत ती जागा मरते. ज्याच्या पायांत जाणीव आहे तो तासाभरांत पट्टा सैल करितो. बधिर पायाचा मनुष्य दिवसभर तसाच राहतो.

तिसरी रीत, मध्यम भार परंतु हजारों वेळां. तळव्याचे बहुतेक व्रण ह्या रीतीनें होतात, आणि हीच रीत लोकांस कमी ठाऊक आहे. एका वेळीं पाहिलें तर तो भार अगदीं निरुपद्रवी. चालतांना प्रत्येकाच्या पावलावर पडतो तोच. पण हिशेब करून पाहा. आठवड्याच्या बाजाराचें गांव चार किलोमीटरांवर असेल, तर जाऊन येऊन आठ किलोमीटर झाले. एक पाऊल सुमारें अडीच फुटांचें धरिलें तर एकेका पायावर सुमारें पांच हजार वेळां सबंध शरीराचा भार पडला. टाच उचलून पुढें जातांना तो सर्व भार एकट्या चवड्यावर व अंगठ्यावर येतो. शिवाय तो केवळ वरून दाबीत नाहीं. कातडी जमिनीस धरून राहते व आंतील हाड पुढें सरकतें, त्यामुळें मधलें मांस रोज घसटलें व पिळलें जातें. ज्यास जाणीव आहे तो दोन किलोमीटर गेल्यावर चाल थोडी बदलतो, टाचेवर भार घेतो, झाडाखालीं बसतो. बधिर पायाचा मनुष्य पांच हजार वेळां त्याच एका जागेवर, तसाच पाय देतो.

शेतकरी वाचकांस ही गोष्ट बैलावरून लागलीच समजेल. जूं मानेवर एकदां ठेविल्यानें बैलाचा खांदा येत नाहीं. तेंच जूं त्याच जागीं दिवसभर घासतें, तेव्हां खांदा येतो. शहाणा शेतकरी संध्याकाळीं जूं उतरल्यावर खांद्यावर हात फिरवून पाहतो. कातडी फाटलेली नसते, पण हाताला कढत लागतें व थोडी सूज जाणवते. मग दोन दिवस तो त्या बैलास जुंपीत नाहीं. आपल्या बैलासाठीं जें आपण करितों, तें आपल्या बापाच्या पावलासाठीं करावें, एवढाच ह्या धड्याचा अर्थ आहे.

येथें घट्ट्याविषयीं सांगितलें पाहिजे. सतत भार पडणाऱ्या जागीं कातडी जाड होऊन घट्टा बनतो. लोकांस वाटतें, घट्टा म्हणजे देवानें दिलेला जोडा. कांहीं अंशीं तें खरें; परंतु बधिर पावलावर जाड घट्टा हा जोड्यांतील खड्यासारखा होतो, व त्याच्याखालीं आंतल्या आंत रक्त सांकळून व्रण तयार होतो. जाणत्या हातानें घट्टा तासून काढला असतां त्या जागेवरील दाब सुमारें एक चतुर्थांशानें कमी होतो, असें मापून पाहिलेलें आहे. घट्ट्यांत काळा किंवा तांबूस डाग दिसला तर खालीं व्रण झाला आहे असें समजून त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें.

३. पाऊल ऊन कां होतें

मांसास वारंवार इजा होऊं लागली म्हणजे शरीर दुरुस्तीची तयारी करितें. रक्तवाहिन्या फुगतात, तिकडे रक्त अधिक जातें, आणि ती जागा ऊन होते. कातडी वरून अखंड असते, रंगहि पुष्कळदां बदललेला नसतो; आणि सांवळ्या कातडीवर तांबडेपणा सहज दिसत नाहीं. पण उष्णता वाढलेली असते. वेदनेचा पहारेकरी निजला असला तरी हा दुसरा पहारेकरी जागा आहे. फरक इतकाच कीं तो ओरडत नाहीं. त्याच्याजवळ जाऊन विचारावें लागतें.

उष्णता ही केवळ निशाणी नव्हे, ती स्वतः इजेस हातभार लावते. शरीराचा भाग जितका ऊन तितकें त्यास अन्न व प्राणवायु अधिक लागतो. आणि दाबामुळें रक्त तर कमी पोंचतें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत डुकरांच्या कातडीवर सारखाच दाब सारखाच वेळ दिला, पण दाब देणाऱ्या चकत्यांची उष्णता निरनिराळी ठेविली. जेथें चकती २५ अंश सेल्सियस होती तेथें इजा झाली नाहीं. जेथें ती ४५ अंश होती तेथें कातडीपासून खोल मांसापर्यंत इजा पोंचली. यावरून ध्यानांत येईल कीं, वैशाखांतील दुपारीं तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणें मधुमेही मनुष्यास दुहेरी घातक आहे. एक तर न कळतां पाय भाजतो. दुसरें, तापलेलें मांस भार कमी सोसतें. परंतु म्हणून बर्फांत पाय बुडवूं नयेत. बधिर पायास अति थंडीची इजाहि कळत नाहीं.

४. ही विद्या आपल्याच देशांतून गेली

बधिर पावलाचें हें ज्ञान प्रथम मधुमेहापासून नव्हे, तर महारोगापासून मिळालें. डॉ. पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ सालीं तामिळ देशांतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटीं झाला. विलायतेंत शस्त्रवैद्य होऊन ते १९४६ सालीं वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय विद्यालयांत आले. त्या काळीं सर्वत्र अशी समजूत होती कीं, महारोग्यांचें मांस रोगामुळें आपोआप कुजून बोटें झडतात. ब्रँड ह्यांनीं बारकाईनें पाहिलें, तेव्हां त्यांस दिसून आलें कीं बोटें झडत नाहींत. रोगी स्वतःच नकळत तीं घालवितो. कोणी तापलेलें भांडें उचलतो, कोणी जखमी पायानें चालतच राहतो. आणि कित्येकांचीं बोटें रात्रीं निजेंत उंदीर कुरतडून नेत, हें कळल्यावर रोग्यांस मांजरें पाळावयास देण्यांत आलीं. मांस चांगलें होतें. केवळ वेदना नव्हती.

व्रण झालेलें पाऊल पोटरीपर्यंत अंगालगत प्लॅस्टरांत बसविलें, म्हणजे भार सबंध तळव्यावर व पोटरीवर वांटला जातो आणि व्रण भरून येतो, ही रीत भारतांत महारोग्यांवर चालत असे. तसेंच मऊ स्पंजी रबराच्या तळाच्या वहाणा तिकडे वापरांत आल्या. १९६६ सालीं ब्रँड अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतीं कारव्हिल येथील महारोगी इस्पितळांत गेले, व त्यांनीं ही विद्या बरोबर नेली. मधुमेह्यांचीं बधिर पावलें महारोग्यांच्या पावलांसारखींच नासतात हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं उंदरांच्या पंजांवर यंत्रानें रोज हजारों वेळां मध्यम दाब देऊन पाहिला. प्रथम पंजा ऊन झाला व सुजला. दाब तसाच चालू ठेविल्यावर कांहीं दिवसांनीं कातडी फाटली. मध्यंतरीं विसावा दिला तर पंजा सांवरला, आणि हळूहळू अधिक सोसूं लागला. व्रणापूर्वीं उष्णता येते, आणि उष्णतेच्या वेळीं विसावा दिला तर व्रण टळतो, हा मोठा शोध ह्या साध्या प्रयोगांत आहे. डॉ. ब्रँड २००३ सालीं वारले.

५. मापून पाहिलें तें

पुढें अमेरिकेंत डॉ. लॅव्हरी, डॉ. आर्मस्ट्राँग व त्यांचे सहकारी ह्यांनीं रोग्यांच्या हातींच उष्णतामापक दिला. दोन्ही पावलांच्या सारख्याच जागा मापावयाच्या, आणि उजव्याडाव्यांत ४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें २.२ अंश सेल्सियस, याहून अधिक फरक आढळला तर चालणें कमी करून परिचारिकेस कळवावयाचें, असा नियम ठेविला. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगांत १७३ माणसें १५ महिने होतीं. ज्यांस केवळ नेहमींची शुश्रूषा होती त्यांच्यापैकीं शेंकडा २९.३ जणांस व्रण झाला. ज्यांनीं रोज उष्णता मापिली त्यांच्यापैकीं शेंकडा ८.५ जणांस.

तथापि सर्व प्रयोगांचें फळ सारखें आलें नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. नेदरलंड्स देशांत ३०४ माणसांवर असाच प्रयोग झाला व २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें मापणारे व न मापणारे यांच्यांत निश्चित असा फरक दिसला नाहीं. परंतु ज्यांनीं ऊन जागा आढळल्यावर खरोखर चालणें कमी केलें, त्यांस व्रण कमी झाले. यांत मोठें शिक्षण आहे. मापणें हें औषध नव्हे. मापल्यानंतर थांबणें हें औषध आहे. धोक्याची घंटा ऐकून जो तसाच पुढें जातो त्यास घंटेचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट ही कीं, प्रत्येक ऊन जागेचा व्रण होतोच असें नाहीं. कित्येक सूचना फुकट जातात. तरी दोन दिवसांच्या विसाव्याची किंमत पाहतां फुकट गेलेली सूचना स्वस्त आहे. मधुमेही पावलांविषयींच्या आंतरराष्ट्रीय कार्यमंडळानें २०२३ सालीं असा सल्ला दिला कीं, ज्यांस धोका मध्यम किंवा अधिक आहे त्यांनीं दिवसांतून एकदां पावलांची उष्णता पाहण्यास शिकावें, व फरक लागोपाठ दोन दिवस टिकला तर चालणें कमी करून वैद्यास भेटावें.

६. घरीं करावयाची तपासणी

प्रथम, जाणीव आहे कीं नाहीं तें पाहावें. यास कांहींच साधन लागत नाहीं. ही रीत २०११ सालीं इंग्लंडांतील इप्सविच येथील वैद्यांनीं प्रसिद्ध केली. मनुष्यास डोळे मिटावयास सांगावें. आपल्या बोटाच्या टोंकानें त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या शेंड्यास, दोन्ही पायांवर मिळून सहा ठिकाणीं, एकदोन सेकंद अगदीं हलका स्पर्श करावा. दाबूं नये, टोंचूं नये, थोपटूं नये. स्पर्श कळला कीं त्यानें "उजवा" किंवा "डावा" असें सांगावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं कळलें नाहीं, तर तीं पावलें बधिर होत आहेत असें समजावें व वैद्याकडून पुरी तपासणी करवावी. गांवोगांवीं फिरणारे उपदेशक व बायबलबाई ह्यांनीं ही रीत शिकून घेतल्यास घरभेटींत पांच मिनिटांत ती करितां येईल.

दुसरें, रोज डोळ्यांनीं पाहावें. सकाळीं उजेडांत बसून तळवे, टाचा व बोटांच्या बेचक्या पाहाव्या. स्वतःस वांकतां येत नसेल तर भुईवर आरसा ठेवावा. मधुमेहानें दृष्टि मंदावली असेल तर सुनेनें किंवा नातवानें पाहावें. पाय दाखविण्यांत लाज नाहीं, आणि वडील माणसाचा पाय हातीं घेण्यांत कमीपणा तर मुळींच नाहीं.

तिसरें, उष्णता पाहावी. सकाळीं चालावयास लागण्यापूर्वीं, चुलीपासून व उन्हापासून दूर, दहा मिनिटें पावलें उघडीं ठेवून बसावें. मग प्रत्येक पावलाच्या सहा जागा पाहाव्या: अंगठा, चवड्यावर अंगठ्याच्या मुळाशीं, मधल्या बोटाच्या मुळाशीं व करंगळीच्या मुळाशीं, तळव्याचा मध्य, आणि टाच. उजव्याची जागा डाव्याच्या त्याच जागेशीं ताडावी. एकटा आंकडा फारसा उपयोगी नाहीं, कारण हवा गार असली तर दोन्ही पावलें गार असतात. दोहोंतील फरकच बोलतो.

२०२० सालच्या साथींत कपाळाचा ताप दुरून मोजण्याचें यंत्र पुष्कळ गांवीं आलें. तें कोणाकडे असल्यास या कामीं घेतां येईल. मात्र तें वस्तूच्या पृष्ठभागाची उष्णता दाखविण्याच्या खुणेवर लावावें, कारण कपाळाच्या खुणेवर तें यंत्र आंकडा आपणच बदलून दाखवितें. यंत्र नसेल तर हाताची मागील बाजू लावून पाहावें. हात मापकाइतका विश्वासू नव्हे, तथापि मुळींच न पाहण्यापेक्षां तो पुष्कळ बरा. ज्याचे हातहि बधिर आहेत त्यानें हें काम दुसऱ्यास सांगावें.

दोन्ही पावलें सारखींच दुखावलेलीं असलीं, किंवा एक पाऊल गेलेलें असलें, तर ही तुलना फसते. अशा वेळीं ती जागा तिच्या शेजारच्या भागाशीं व कालच्या आंकड्याशीं ताडावी.

७. ऊन जागा आढळल्यास

त्या दिवशीं चालणें शक्य तितकें कमी करावें. बाजार, दळण व पाणी दुसऱ्यानें आणावें. वहाणेंत हात घालून त्या जागीं काय टोंचतें तें शोधावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुनः पाहावें. फरक राहिला तर दवाखान्यांत जावें, आणि तोंवर विसावा चालू ठेवावा. फरक गेला तर हळूहळू पुनः चालावयास लागावें. पहिल्याच दिवशीं सबंध वाट चालूं नये. चालणें हें मधुमेहाला हितकर आहे, तें कायमचें सोडावयाचें नाहीं. त्यांत खंड व बेत असावा, इतकेंच.

येथें कोणी म्हणेल, हातावर पोट आहे त्यानें बसून कसें चालेल? प्रश्न खरा आहे. पण हिशेबहि खरा आहे. ऊन जागेसाठीं दोन किंवा चार दिवसांची मजुरी जाते. व्रण झाला तर महिनोगणती जाते. आणि पाय गेला तर घरचा कर्ता मनुष्य उंबऱ्याशीं बसतो. म्हणून हा भार एकट्या रोग्यावर टाकूं नये. शेजाऱ्याचा बैल बसला तर आपण आपली जोडी देतों. त्याचप्रमाणें शेजाऱ्याचें पाऊल बसलें तर त्याच्या वांट्याचें पाणी व वैरण मंडळीनें वांटून घ्यावी.

८. वहाण कशी असावी

बधिर पावलानें घरांतहि अनवाणी चालूं नये. तळ बाहेरून कांटा न शिरेल इतका टणक, व आंतून बोटानें दाबल्यास दबेल असा मऊ असावा. अंगठ्याच्या बेचक्यांत रुतणारी पट्टी नसावी. वर रुंद पट्टे व मागें टाचेस पट्टा असावा, म्हणजे वहाण निसटत नाहीं. ज्यास पूर्वीं व्रण होऊन गेला आहे त्याच्यासाठीं जोडा मापून करितात. त्यांत कोणत्याहि जागीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २ किलोंपेक्षां अधिक दाब पडूं नये अशी खटपट असते. नवी वहाण पहिले कांहीं दिवस एकदोन तासच घालावी, व काढल्यावर पाऊल पाहावें. घालण्यापूर्वीं दर वेळीं वहाण झटकावी, आंत हात फिरवावा, आणि तळ उलटा करून कांटे पाहावे.

उपासनेच्या वेळीं दाराबाहेर वहाणा काढण्याची चाल आपल्या खेड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत आहे. ती आदराची आहे. पण ज्याचे पाय बधिर आहेत त्यास आंत घालण्यापुरती एक स्वच्छ वहाण ठेवूं द्यावी व बसावयास बांक द्यावा. त्यानें मागण्याची वाट न पाहतां वडिलांनींच सांगावें, म्हणजे त्यास संकोच होणार नाहीं.

पाय गरम पाण्यांत शेकूं नयेत, चुलीजवळ धरूं नयेत, गरम पिशवी लावूं नये. घट्टा किंवा भोवरी पात्यानें कापूं नये. भोवरी जाळण्याचें औषध लावूं नये. कोरड्या टाचांस तेल लावावें, परंतु बोटांच्या बेचक्यांत नाहीं. तंबाखू व विडी सोडावी, कारण तीं रक्तवाहिन्या अरुंद करितात. आणि साखरेचें औषध नियमित घ्यावें. तें सोडून केवळ पावलें जपणें म्हणजे छप्पर गळत असतां भुई पुसणें होय.

९. त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें तें केव्हां

जखम, फोड, पाणी किंवा पू दिसल्यास; वास आल्यास; तांबडेपणा पसरत असल्यास किंवा ताप आल्यास.

पाऊल थंड, निळसर वा काळें पडल्यास. उष्णतामापक हा धोका सांगत नाहीं, कारण येथें रक्तच कमी पोंचत असतें.

आणि एक पाऊल एकाएकीं ऊन व सुजलेलें झालें, पण जखम कोठेंहि नाहीं, असें असल्यास. ह्यास शार्कोचें पाऊल म्हणतात. फ्रेंच वैद्य शार्को ह्यांनीं १८६८ सालीं दुसऱ्या एका ज्ञानतंतुरोगांत असा सांध्यांचा बिघाड वर्णिला. मधुमेहांतहि तो होतो हें १९३६ सालीं दाखविण्यांत आलें. यांत आंतील हाडें मऊ होऊन मोडतात, तरी मनुष्य त्यांवर चालत राहतो, कारण दुखणें फारच थोडें असतें. लवकर प्लॅस्टर घालून भार काढला तर पाऊल वांचतें. उशीर झाला तर तळवा होडीच्या बुडाप्रमाणें बाहेर येतो व तेथें व्रण पडतो. पुष्कळदां ही सूज मुरगळल्याची किंवा वाताची समजून लेप लावीत बसतात. तसें करूं नये.

व्रण झालाच तर ध्यानांत ठेवावें कीं, मलमाहून भार काढणें हें मोठें औषध आहे. ज्या व्रणावर रोज हजार वेळां पाय पडतो तो कोणत्याहि मलमानें भरत नाहीं. वैद्यानें प्लॅस्टर किंवा न काढतां येणारा बूट घातला तर तो शिक्षा म्हणून नव्हे. निजलेल्या पहारेकऱ्याच्या जागीं नेमलेला तो दुसरा पहारेकरी आहे.

त्या सुनेनें भुईवरचे ठसे पाहिले, म्हणून त्या दिवशीं कांटा सांपडला. ठसे उमटण्यापूर्वींच, पाऊल केवळ ऊन असतांना, तें कोणी हातीं घेऊन पाहिलें, तर ह्या धड्याचें काम झालें.

धड्यावरील प्रश्न

१. "दुखत नाहीं" हें मधुमेही मनुष्याच्या बाबतींत भयाचें कारण कां आहे?
२. भार कोणत्या तीन रीतींनीं इजा करितो? तळव्याचे बहुतेक व्रण कोणत्या रीतीनें होतात?
३. व्रण होण्यापूर्वीं जागा ऊन कां होते? दोन पावलांची तुलना कां करावी?
४. नेदरलंड्समधील प्रयोगावरून आपण काय शिकतों?
५. जखम नसतांना पाऊल एकाएकीं ऊन होऊन सुजलें तर काय करावें?
६. आपल्या मंडळींत मधुमेह असलेलीं किती माणसें आहेत? त्यांच्या पायांच्या बोटांस स्पर्श करून जाणीव कोणीं पाहिली आहे काय?